लिंबाजीमामांनी निवडलेला उजेड

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी भाव विचारतं, नाहीतर किती वॅटचा ते विचारतं. लिंबाजीमामा दोन्ही विचारायचे नाहीत. काउंटरपाशी उभे राहायचे, डाव्या हाताची बाही वर सारायचे आणि म्हणायचे, "लाव बरं." मी होल्डरला बल्ब लावून बटण दाबायचो, आणि मामा त्याच्याखाली पालथा हात धरून बघत राहायचे. बल्बकडं नाही, हाताकडं. मग हात उताणा, मग बोटं पसरून. मागं कोणी खाकरो, कोणी पाय आपटो, त्यांना फिकीर नसायची. शेवटी बल्ब परत द्यायचे. "हा उजेड नुसता दिसतो भाचे, पडत न्हाई." आता दिसतो म्हणजे काय अन् पडतो म्हणजे काय! मी वैतागायचो. "मामा, घरी लावायचाय का पोरगी द्यायचीय त्याला?" ते हसायचे आणि पुढच्या खोक्याकडं बोट करायचे.

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान. मोटारीचे स्टार्टर, वायरी, पंखे, लग्नसराईत रंगीत माळा. इतक्या वर्षांत पाण्यासाठी उजेड विकत घेणारा माणूस मी एकच पाहिला. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नव्या नमुन्याचा दिवा आला आणि मी तो पहिल्यांदा पेटवून बघितला, की अजून वाटतं, आत्ता मामा असते तर हात धरून काय म्हणाले असते? असलं गिऱ्हाईक पुन्हा काही आलं नाही हो. डोकं खाणारी ढीग आली.

मामा मूळचे पुसेगावकडच्या मेंढपाळाच्या घरातले. तरुणपणी वायरिंगचं काम शिकले, मुंबईला गेले आणि तिथून माल नेणाऱ्या बोटीवर वायरमन म्हणून लागले, ते वीस वर्षं. वर्षा-दीड वर्षानं महिनाभर गावाकडं यायचे, की परत गेलेच. इकडं त्यांच्या बायकोनं, गयामामींनी, सासऱ्याचं दुखणं काढलं, मेंढरं राखली, पोरीचं लग्न लावलं. नव्वद सालाच्या पुढं कधीतरी मामा कायमचे परतले आणि माझ्या दुकानामागंच दोन खोल्यांचं पत्र्याचं घर घेऊन राहिले. मेंढरं विकून टाकू म्हणाले, तर मामींनी चार मेंढ्या सोबत आणल्याच. "ह्यायनला सोडून मला करमायचं न्हाई," म्हणाल्या. त्या बोलायच्या ते गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचं.

मामांचं उलटं. डोक्याला पटका, अंगात बोटीवरचा जाडाभरडा निळा शर्ट, खिशात टेस्टर, आणि तोंडाला कुलूप. चालायचे पाय फाकवून, तोल सांभाळत. पोरं मागून म्हणायची, "मामा, रस्ता हालून न्हाई राहिला!" तरी चाल काही बदलली नाही. बोटीवरच्या गमतीजमती सांगा म्हटलं तर म्हणायचे, "काय अस्तंय तिथं? लोखंड अन् पानी." संपलं. अहो, आमच्याकडं माणूस नांदेडला जाऊन आला तर आठ दिवस सांगत बसतो!

पण मामी विचारायच्या. दर खेपेला मामा आले की पहिल्या रात्रीच्या जेवणाला एकच प्रश्न, "दर्या कसा अस्तो?" मामांना सांगता यायचं नाही. एकदा ते त्यांना जीपनं सिद्धेश्वरच्या धरणावर घेऊन गेले, म्हणाले, "असाच, पन पल्याडचा काठ न्हाई." मामी म्हणाल्या, "हे तर पानी हाय. असल्या पान्यावर मी रोज मेंढरं नेते." मग बोट कायमची सोडल्यावर मामांनी त्यांना मुंबई दाखवली. मामी चौपाटीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते मातकट पाणी बघितलं. येताना गाडीत बराच वेळ गप्प होत्या. आणि मामी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंच. हिंगोली जवळ आल्यावर म्हणाल्या, "कयाधूचा पूर याच्याहून बरा दिसतो. ह्या गढूळ पान्यापायी तुमी वीस वर्सं घरी न्हाई आले?"

हे मला मामांनी स्वतः सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून. त्या प्रश्नाचा काटा त्यांच्या मनात रुतला तो रुतलाच. थोड्या वेळानं म्हणाले, "तिला काय ठाऊक भाचे. एकदा एका बेटापाशी बोट दुरुस्तीला थांबली व्हती. पानी काचेसारखं. अन् खाली बाग व्हती. हिरवी, जांभळी, नारिंगी. झाडं न्हाईत बरं, जितराब. जितंजागतं. मी बघून राहिलो अन् वाटलं, हे गयीला दाखवाया पायजे." एवढं लांबलचक बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्या बेटावर मामींना नेणं काही होणारं नव्हतं. मामींना दमा, आणि चार मेंढ्यांना सोडून त्या चार दिवसही कुठं जायच्या नाहीत. त्यातच त्यांना दाराची चौकट दिसेना झाली. खांदा आपटायचा, तांब्या लवंडायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधावर टिकेल तेवढी टिकेल, म्हणाले. मामा परत आले ते थेट माझ्या दुकानात. म्हणाले, "तिची नजर जायच्या आत तिला ती बाग दाखवायची."

"कुठं?"

"हितंच. घरात."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पण त्यांनी खरंच केलं. जाड काचा चिकटवून पलंगाएवढी पेटी केली. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी साठवलं, मुंबईहून पुड्यांतलं समुद्राचं मीठ मागवून त्यात घातलं. गल्लीत चर्चा सुरू झाली. "मामा, लोणचं घालून राहिले का?" मग मुंबईच्या शोभेच्या मासेवाल्याकडून एसटीनं थर्माकोलचं खोकं आलं. त्यात पाण्याच्या पिशवीत प्रवाळाचे तीन झुबके होते. हे म्हणजे पोवळं, पण जिवंत, असं मामांनी सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून ज्यांच्या पोरींचा मंगळ कडक होता ते दारात. "मामा, एक तुकडा काढून द्या की अंगठीपुरता."

ते झुबके म्हणजे बटणाएवढ्या फुलांचे गुच्छ. मामा म्हणायचे, "ह्यायला चारा लागत न्हाई. हे ऊन चरतात." त्यांच्या अंगात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं, ते उजेडावर वाढतं आणि त्याच्या जिवावर हे जगतात, असं त्यांना मुंबईच्या माणसानं समजावलं होतं. म्हणजे सगळा खेळ उजेडाचा. उजेड चुकला की बाग गेली. म्हणून तर ते माझ्या काउंटरवर हात पालथा धरून उभे राहायचे.

आधी ट्यूबलाइट लावली. जीव जगले, पण मातकट झाले, माना ताणून वर बघत राहिले. मग मी त्यांना निळा झिरो बल्ब दिला, देवघरातला. समुद्रात निळा उजेड असतो ना, हा घ्या निळा! मामांनी त्याच्याखाली हात धरला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघायला लागलो. "आरं, हा पिवळाच हाय. वरून रंग फासलाय."

मग उन्हाळ्यात मामा म्हणाले, कशाला दिवा पायजे? उन्हासारखा उजेड हाय का कोनाच्या बापाकडं? आणि पेटीच्या बरोबर वरचा पत्रा काढून तिथं पारदर्शक पत्रा टाकला. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन! चार दिवसांत तिन्ही झुबके पांढरेफटक झाले. जसे काही नीळ घालून धुतलेले.

आणि गाव लोटलं बघायला. "मामा, काय रूप आलंय हो!" "चांदीवानी झालं की!" "देव पावला बघा, देव पावला!" एका बाईनं पेटीच्या काचेला हळदीकुंकू लावलं, दुसरीनं उदबत्ती खोवली. कोणीतरी नारळ आणला. मीसुद्धा म्हणालो, मामा, जमलं बुवा! मामांचा चेहरा मात्र उतरलेला. काहीतरी बिघडल्याची शंका त्यांना आली होती. त्या गर्दीत शेवटी मामी आल्या. त्यांना बाजूचं दिसायचं नाही, समोरचं तेवढं दिसायचं, म्हणून काचेला नाक टेकवून बघितलं. मग मागं वळून सगळ्यांना झापलं.

"नारळ कशाला फोडून राहिले? आजारी हाय ते! मेंढराचा डोळा खाली वढून बघा, आतून पांढरा निघाला की ते जातंय समजा. हे बी तसंच पडलंय." आणि मामांकडं वळून म्हणाल्या, "तुमी मेंढपाळाच्या पोटी जलमले ना? कोरड्या चाऱ्यावरचं मेंढरू एकदम हिरव्यात सोडलं की पोट फुगून मरतं, हे बी इसरले? चारा बदलायचा तर मूठमूठ करून बदलावा लागतो. ऊन बी तसंच द्यावं लागंल!"

मग मामींनी दोरीवरचं मामांचं धोतर काढलं, त्याच्या आठ घड्या केल्या आणि त्या पारदर्शक पत्र्यावर पसरून वर दगड ठेवले. थोडे दिवस गेले की मामा शिडी लावून वर चढायचे आणि एक घडी उलगडायचे. मामी खालून पेटीला नाक लावून सांगायच्या, "ऱ्हाऊ द्या अजून," नाहीतर, "हां, काढा आता." एक झुबका गेला. दोन वाचले. हळूहळू त्यांच्यात हिरवट झाक परत आली. ते दिवस आठवले की मला फार बरं वाटतं. म्हातारा वर पत्र्यावर आणि म्हातारी खाली पेटीपाशी, आणि दोघं एकमेकांवर ओरडून राहिलेत. वीस वर्षं एका छताखाली न राहिलेली माणसं, पण भांडायची कशी बराबर!

पावसाळा लागला, आभाळ दिवसचे दिवस उघडेना, आणि पुन्हा दिव्याचा प्रश्न आला. या वेळी मामा मुंबईला गेले आणि तिथल्या दुकानात हात धरून धरून निवडलेल्या, ट्यूबसारख्या पण अस्सल निळ्या उजेडाच्या दोन नळ्या घेऊन आले. जोडायला मला बोलावलं. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टरही बसवला. संध्याकाळी खिडक्या लावल्या आणि बटण दाबलं.

आई शप्पथ, मी तसलं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. खोली जांभळटनिळी झाली आणि त्या दोन झुबक्यांना आतून दिवा लागला. हिरवं म्हणजे किती हिरवं, मधे नारिंगी ठिपके, कडा जांभळ्या. फुलं हळूहळू उघडत होती. मामांनी नळ्यांखाली हात धरला, बघितला, आणि मान हलवली. मग मामींना हाताला धरून आणलं, पेटीसमोर पाटावर बसवलं. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

मामींनी काचेला नाक टेकवलं. मग म्हणाल्या, "लावा की."

"लावलंय," मामा म्हणाले.

"लावलंय? मला तर अंधारच दिसून राहिला."

मी पक्कड उचलून पिशवीत टाकली. मामा तसेच उभे राहिले.

पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यापेक्षा नजर बरीच उतरलीय, या डोळ्यांना असला निळा उजेड आता कळायचा नाही. भडक, पिवळट उजेड जवळून पडला तर थोडंफार दिसेल. म्हणजे बघा कशी अडचण. निळ्या नळ्यांत बाग फुलते, पण ज्या बाईसाठी लावली तिला दिसत नाही. भडक दिवा जवळ आणावा तर तिला दिसेल, पण बाग भाजून निघेल. मामा माझ्याकडं येऊन बसायचे. "भाचे, जगायला लागतो तो उजेड येगळा अन् दिसायला लागतो तो येगळा. दोन्ही एका दिव्यात न्हाई का मिळत?" मी दोन-चार कंपन्यांच्या माणसांना विचारलं. नाही म्हणाले. मामींची नजर मात्र कोणासाठी थांबणार नव्हती. मेंढ्या दावणीला बांधताना त्या आता हातानं चाचपायला लागल्या होत्या.

एक दिवस मामा आले आणि हात काही पुढं केला नाही. "तो मोठा हॅलोजन दे. खळ्यावर लावतात तो."

"मामा, भाजतील की ते."

"ठाऊक हाय."

"इतक्या तकलीफीनं वाचवलेत..."

"भाजू दे. तिला एकदा बघू दे."

मी हॅलोजन घेऊन मागं गेलो. पाण्याच्या वर वीतभर अंतरावर बांधला. मामी पाटावर. बटण दाबलं आणि खोलीत दिवसाउजेड झाला, माझेच डोळे दिपले. मामी काचेला चिकटल्या. मान एकदा इकडं, एकदा तिकडं करत त्या शोधत होत्या, आणि एकदम थांबल्या.

"हिरवं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मधी नारिंगी. व्हय का?"

"व्हय," मामा म्हणाले.

"कडंला कायतरी... जांभळं का काय. माह्या लग्नातल्या लुगड्याचा काठ असाच व्हता."

मामा रडायला लागले. उघड, सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसत. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात मामी कडाडल्या, "बंद करा! मिटून राहिलंय ते!"

खरंच, फुलं एकेक करून आत ओढली जात होती. वरच्या पाण्यातून वाफ येते की काय असं वाटत होतं.

"मिटू दे," मामा म्हणाले. "तू बघ."

"माह्यासाठी जितराब जाळता का? तीस वर्सं मी एक मेंढरू उगं मरू दिलं न्हाई अन् तुमी माह्या डोळ्यादेखत..." मामी उठल्या, भिंत चाचपत गेल्या, आणि वायर हाताला लागली तशी हिसडून ओढली. प्लग निसटला, अंधार झाला. "दिसलं मला," त्या अंधारात म्हणाल्या. "बस झालं. त्यांचा दिवा लावा आता."

मामांनी निळ्या नळ्या लावल्या. हॅलोजन मी परत घेऊन आलो. तो पुढं कोणाच्या तरी खळ्यावर गेला.

मामांना वाटलं होतं, आपलं देणं फिटलं. पण मग ते पायरीवर येऊन बसायचे आणि विचारायचे, "भाचे, एवढ्याशानं दिसलं अस्तंय का रे? का आपल्याला बरं वाटावं म्हनून म्हनली?" मी म्हणायचो, मामा, काठ जांभळा म्हणाल्या की नाही? ते म्हणायचे, "व्हय, म्हनली." आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मामींची नजर पूर्ण गेली. तरी रोज संध्याकाळी दोघं पेटीसमोर बसायची, आणि मामा, जे कोणाशी चार शब्द बोलत नव्हते ते, सांगत बसायचे. आता मोठं फूल उघडलं. आता हिरवं जरा गडद झालं. मी दुकान बंद करताना मागच्या खिडकीतून ऐकू यायचं.

शेवटची भेट झाली ती इन्व्हर्टरच्या निमित्तानं. मामांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून बॅटरीची वायर घट्ट करायला मला हाक मारली. त्यानंतर मी लग्नाच्या रोषणाईच्या कामाला सेनगावला गेलो, आणि आठवड्यानं परत आलो तर मामा झोपेतच गेल्याचं कळलं. म्हणून ती संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. मी कोपऱ्यात बॅटरीपाशी उकिडवा बसलेलो. निळा उजेड. दोघं पाटावर, पाठमोरी. मामा सांगत होते, "आता बघ, नारिंगी ठिपके..."

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "रंग रोजच सांगता. मी दुसरं इचारू?"

"इचार."

"सांज झाली की तुमी तिथं काय करायचे?"

मला वाटलं, झालं, लागलं पुन्हा कुलूप.

"घड्याळ बघायचो," ते म्हणाले.

"काहून?"

"दोन घड्याळं व्हती माह्यापाशी. एक बोटीचं, एक आपल्या गावचं. गावच्या घड्याळात सांज झाली, तुझी मेंढरं कोंडायची येळ झाली की हातातलं काम टाकून वर यायचो. तिथं कधी सकाळ अस्ली, कधी मध्यान् रात. कठड्याला धरून हुबा ऱ्हायचो. तुझी सगळी मेंढरं आत गेली अस्तील, तू कवाड लावलं अस्शील, एवढा येळ. मंग खाली जायचो."

"रोज?"

"रोज."

मामींनी पदरानं डोळे पुसले. त्यांचा आवाज त्या दिवशी गल्लीत काय, माझ्या कोपऱ्यापर्यंतही नीट येत नव्हता. "मी दर खेपेला इचारून इचारून थकले. मंग हे काहून न्हाई सांगितलं?"

मामा त्यांच्याकडं वळले, आणि तोंडावर त्यांचं नाव घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"गया, तू दर्या कसा अस्तो, तेवढंच इचारायची."